पलीकडची हाक

धुकं पडलं की सुपडू आबा डोळे मिटून नाव चालवायचे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला उभ्या उभ्या डुलकी लागली. नावेत आम्ही आठ-नऊ माणसं, दोन शेळ्या आणि दुधाच्या कॅना. चारी बाजूंना असं दाट धुकं, की पुढच्या माणसाची टोपी तेवढी दिसावी. आणि मागच्या टोकाला उभा राहून हा साठीतला माणूस वल्हं मारतोय, डोळे मात्र घट्ट मिटलेले! मला राहवेना. मी ओरडलो, “अहो आबा, डोळे उघडा!” त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, “मास्तर, तोंड बंद ठेवा. धुईमा डोया काय कामना?” नावेतली माणसं गालातल्या गालात हसली आणि मी पाय आपटत गप्प बसलो.

सुपडू आबांविषयी लिहायचं तर माझ्या चिडचिडीपासूनच सुरुवात करावी लागते. पाच-सहा वर्षं मी रोज त्यांच्या नावेत बसलो आणि त्यातली बरीचशी वर्षं मी त्यांच्यावर वैतागलेलो होतो. आजही वैताग गेलेला नाही, फक्त तो आता त्यांच्यावर नाही.

मी मूळचा कोकणातला, दापोलीकडच्या एका बंदरगावचा. वडील मच्छीमार नावेवर तांडेल, म्हणजे नाव हाकणारे म्होरके होते. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला मला नोकरी लागली ती थेट खानदेशात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावरच्या बोरखेडीच्या हायस्कुलात. बोरखेडीत लग्न न झालेल्या मास्तरला कोणी खोली देईना. म्हणून मी नदीच्या अलीकडे, पिंपळदऱ्यात राहिलो. मध्ये तापीचा डोह. उन्हाळ्यातसुद्धा न आटणारा, पाव मैल रुंद, आणि त्याच्या खालच्या अंगाला काळे खडक. हायवेचा पूल लांब. एस.टी.नं फिरून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. त्यामुळे रोजची शाळा सुपडू आबांच्या हातात होती.

मी समुद्रावरचा आहे हे मी पहिल्याच आठवड्यात साऱ्या नावेला ऐकवलं होतं. माझे वडील पावसाळी धुरकटात किनारा दिसेनासा झाला, तरी होकायंत्र आणि दोरीला बांधलेलं शिसं एवढ्यावर नाव बंदरात कशी आणत, तळाशी वाळू लागली की चिखल यावरून गाव कसं ओळखत, हे मी हातवारे करून सांगे. आबा शांतपणे ऐकत आणि शेवटी म्हणत, “समिंदर मोठा शे मास्तर. तठे चुकाले जागा शे. आठे नही.” तेव्हापासून मी ‘समिंदरवाला मास्तर’ झालो. ते नाव मला आवडायचं नाही, आणि म्हणूनच ते टिकलं.

आता माझी घाई कसली होती ते सांगतो. आदल्या वर्षी बोरखेडीच्या शाळेचा दहावीचा निकाल शून्य लागला होता. गणित आणि इंग्रजीनं सगळ्यांना गाडलं होतं. मी येताच हेडसरांनी दहावीची अकरा पोरं माझ्यापुढं उभी केली आणि म्हणाले, “यातलं एक जरी पास झालं, तरी मी गावात मान वर करून फिरेन.” मी तरुण होतो, मला अकराच्या अकरा पास करायची होती. सकाळी आठला जादा तास सुरू केले. त्या अकरांत आबांची नात आशाही होती. ती पिंपळदऱ्याहून माझ्यासोबतच नावेतून यायची. पिंपळदऱ्याच्या भोई वस्तीतली दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. हिवाळा लागला आणि तापीवर धुकं उतरायला लागलं. माझे तास त्यात बुडायला लागले.

साडेसातला मी घाटावर हजर. नावेत माणसं बसलेली. आबा मात्र काठावर उकिडवे, घोंगडी पांघरून.

“आबा, निघायचं ना?”

“हाक येऊ द्या मास्तर.”

“कोणाची हाक?”

“पलीकडनी.”

कधी दहा मिनिटं, कधी वीस. मग एकदम ते उठत, “चला” म्हणत, आणि नाव सुटे. मी मनाशी ठरवून टाकलं की ही तापीमायची हाक असणार. म्हाताऱ्याच्या अंगात काहीतरी येत असणार. विज्ञानही मीच शिकवायचो, त्यामुळे या गोष्टीचा मला दुप्पट त्रास व्हायचा. आणि नाव सुटली की आवाजबंदी! खोकला आला तरी आबा कपाळाला आठ्या घालत. एकदा एका बाईच्या पाटीतला कोंबडा भर डोहात आरवला. आबांनी वल्हं थांबवलं, स्वतःच्या डोक्याचं मुंडासं सोडलं आणि पाटीसकट कोंबडा त्यात गुंडाळून टाकला. “कोंबडा मरी जाई ना आबा!” बाई कळवळली. “नही मरस,” आबा म्हणाले, “त्याले वाटस रात शे.” पलीकडे उतरल्यावर कोंबडा जिवंत निघाला, पण मुंडाशाचं जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आबांनी ते नदीत खळबळलं, पिळलं आणि ओलंच डोक्याला बांधलं.

माझा दुसरा शत्रू बोरखेडीत होता. हुसेनचाचांची पिठाची गिरणी. दहावीच्या वर्गाची आणि गिरणीची भिंत एकच. डिझेलचं इंजिन, आणि गिरणी चालू आहे हे चार शिवारांना कळावं म्हणून धुराड्याच्या टोकावर चाचांनी पत्र्याचा डबा उलटा बसवलेला. सकाळी सव्वासात-साडेसातला सुरू व्हायचं, टुक् टुक् टुक् टुक्. चाचांचं इंजिन थंडीत लवकर पेटत नसे, म्हणून वेळ मागंपुढं व्हायची. एकदा पेटलं की मात्र दहापर्यंत थांबत नसे. मी फळ्यावर समीकरण मांडायचो आणि ओरडून ओरडून घसा बसवायचो. मागच्या बाकावरची पोरं कानामागं हात धरायची. मी आधीच अर्धा तास उशिरा पोचलेला, त्यात हे. एक दिवस खडू भिंतीवर फेकून मारला आणि अर्ज लिहायला बसलो.

अर्ज फर्मास होता. मी लिहिलेल्या अर्जांत तेवढा एकच यशस्वी झाला, म्हणून जास्त आठवतो. ‘विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक हितास बाधा’ वगैरे. अकराही पालकांच्या सह्या घ्यायच्या होत्या. आशाचे वडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून तिच्यासाठी मी आबांपुढं कागद धरला. संध्याकाळ होती, ते नावेतलं पाणी उपसत होते.

“काय लिखेल शे?” त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

“गिरणी बंद व्हई?”

“गिरणी नाही, नुसता आवाज. डबा काढायचा आणि नळी जमिनीत पुरलेल्या पिंपात सोडायची. चाचा तयार आहेत, गावानं सांगितलं की करतील.”

“आवाज,” आबा म्हणाले. मग डबडं हातात तसंच धरून, “आशाले काहीच ऐकू येस नही का?”

“कोणालाच येत नाही आबा. गणित काय तोंड बघून समजतं?”

त्यांनी हातातलं डबडं खाली ठेवलं, अंगठा धोतराला पुसला आणि शाईत बुडवून कागदावर उमटवला. मी शाई वाळायची वाट बघत फुंकर घालत होतो. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही.

आठवड्याभरात काम झालं. पहिल्या दिवशी वर्गात इतकी शांतता होती की मलाच बोलायला संकोच वाटला. पण त्यानंतर धुकं पडलं आणि आबा घाटावरून उठेचनात. साडेसात झाले, आठ झाले. “हाक येत नही,” एवढंच. धुकं विरळ होऊन पलीकडचं वडाचं झाड दिसायला लागलं की मग नाव सुटायची, नऊला, कधी साडेनवाला. दोन आठवड्यांत माझे सहा तास बुडाले. वर्ग शांत झाला आणि मीच वर्गात नाही! मी आबांना काय काय बोललो ते आज लिहवत नाही. ते नुसती घोंगडी आणखी ओढून घेत.

मग पूर्वपरीक्षेचा दिवस आला. जानेवारी. प्रश्नपत्रिका मी धुळ्याहून सायक्लोस्टाइल करून आणलेल्या, तो गठ्ठा माझ्या काखेत. साडेनवाला पेपर. धुकं असं, की घाटावर उभं राहून पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. साडेआठला माझा तोल गेला.

“माझा बाप भर समुद्रात किनारा नसताना नाव आणायचा. तुम्हाला ही एक नदी ओलांडता येत नाही? भीती वाटत असेल तर तसं सांगा, मी वल्हं मारतो!”

आबांनी आशाकडे पाहिलं. ती कंपासपेटी छातीशी धरून उभी होती. “बठा,” ते म्हणाले.

आम्ही पाच जण बसलो. दहा-बारा वल्ही मारून झाली असतील. आबांनी नेहमीसारखे डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली, थांबले, पुन्हा वल्हं मारलं, पुन्हा थांबले. आणि मग त्यांनी डोळे उघडले. धुक्यात उघड्या डोळ्यांचे आबा मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली.

“काय झालं?”

“कोठे शे ते समजत नही.”

मग काय, समिंदरवाला मास्तर उभा राहिला! मी डावीकडे म्हणालो, त्यांनी नाव डावीकडे घेतली. मी सरळ म्हणालो, सरळ घेतली. डोहात ओढ नव्हती, हवेत वारा नव्हता. ज्यांच्यावर माझे वडील भरवसा ठेवायचे त्यातलं तिथं काहीच नव्हतं. तरी मी हुकूम सोडत राहिलो, कारण गप्प बसणं त्याहून अवघड होतं. अर्ध्या-पाऊण तासानं खालून करकर असा आवाज आला, नाव कलली आणि फळीच्या सांध्यातून पाणी आत आलं. आम्ही खडकावर चढलो होतो. सगळे उतरून गुडघाभर बर्फगार पाण्यात खडक धरून उभे राहिलो. आशानं न सांगता माझ्या काखेतला गठ्ठा घेतला आणि डोक्यावर धरला. तरी खालचे कागद भिजलेच होते.

मी दात वाजवत म्हणालो, “आबा, तुम्हाला आता कमी ऐकू येतं का? ती तुमची हाक...”

“माले येस, मास्तर,” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “गिरणीले बोलता येत नही.”

मला कळायला जरा वेळ लागला. मग एकेक गोष्ट आठवत गेली. सव्वासात-साडेसातची वेळ. थंडीत मागंपुढं होणारं इंजिन. मिटलेले डोळे, तिरकी मान, मुंडाशात गुंडाळलेला कोंबडा. जो टुक्टुक् आवाज मला वर्गात नकोसा झाला होता, घाटावर ज्याच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं, त्याच्या रोखानं हा माणूस पंधरा वर्षं धुक्यातून नाव नेत होता. जाताना आवाज समोर ठेवायचा, येताना पाठीवर.

“मग अंगठा का दिलात?” मी जवळजवळ किंचाळलोच. “तेव्हाच सांगायचं नाही का?”

“तुम्ही सांगं, पोरेसले ऐकू येत नही.” त्यांनी नावेच्या कडेला धरून ठेवलेला हात बदलला. “मी म्हनं, पहिले त्यासले ऐकू येऊ द्या. मी थांबी जासू. धुई काय, दुपारलोंग ऱ्हास नही.”

ते थांबायला तयार होते. थांबलेही होते. थांबू दिलं नव्हतं ते मी.

तेवढ्यात जवळच कुठेतरी कपडे आपटल्याचा आवाज आला. धुकं उचललं गेलं, आणि शंभर पावलांवर पिंपळदऱ्याचा घाट दिसला. आमचाच घाट! तासभर वल्हवून आम्ही निघालो त्याच काठाला, जरा खाली, येऊन लागलो होतो. धुणं धुणाऱ्या बाया आमच्याकडे बघत राहिल्या. नावेतला दूधवाला कपाळावर हात मारून हसत सुटला. मला हसू आलं नाही. पेपर दुसऱ्या दिवशी झाला, प्रश्नपत्रिका माझ्या खोलीत दोरीवर वाळत घातल्यावर.

निकाल सांगून टाकतो. अकरापैकी चार पास झाले. हेडसरांनी पेढे वाटले. आशा गणितात तीन गुणांनी गेली आणि ऑक्टोबरला सुटली. मला चारांचा आनंद झाला नाही, त्या तीन गुणांचा हिशोब मी अजून लावतो. त्यात धुक्याचे किती, गिरणीचे किती आणि माझे किती?

पण पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी मी हुसेनचाचांकडे गेलो होतो आणि डबा परत लावा म्हणालो होतो. चाचा पिठानं पांढरे झालेले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “मास्टर, पहले बोले बंद करो. अब बोलते चालू करो. गिरनी है या तुम्हारा रेडिओ?” मी सगळं सांगितल्यावर त्यांनी कमरेवरचे हात काढले. मग स्वतः शिडीवर चढले. “सुपडूने कभी बताया नहीं,” वरून म्हणाले, “बताता तो मैं जल्दी चालू करता.” जादा तास मी मारुतीच्या पारावर हलवले. तिथं थंडी वाजायची, पण ऐकू यायचं. तो पार पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांपुढं होता. तरी मी अर्ज लिहायला बसलो होतो.

सुख दोनच हिवाळे टिकलं. मग गिरणीला विजेची मोटर आली. चाचांचा इलाज नव्हता, डिझेल परवडत नव्हतं. मोटर गुणगुणायची, पण तिचा आवाज रस्त्यापलीकडेही जात नसे. मी पुन्हा अर्ज लिहिले. घाटावर एक घंटा आणि धुक्याच्या दिवसांत ती वाजवायला एक माणूस, एवढीच मागणी. ग्रामपंचायत म्हणाली, नदी आमच्या हद्दीत येत नाही. तालुक्याच्या कचेरीत मला सांगण्यात आलं की नावाडी खाजगी आहे. धुळ्याला एका साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “पण लोक धुक्यात जातातच कशाला?” मी टेबलावर मूठ आपटली. त्यांनी चहा मागवला. पोरांच्या कानांसाठी मी आवाज बंद करायला गेलो, तर आठवड्यात झालं. तोच आवाज परत मागायला गेलो, तर तीन वर्षं हेलपाटे.

आबांना मी हे सगळं तावातावानं सांगायचो. ते म्हणत, “दम धरा मास्तर. तुम्ही लई दमतस.”

शेवटी माझं लग्न झालं आणि बोरखेडीत खोली मिळाली. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता. हेडसरांना विचारून मी तो आणला, बोरखेडीच्या घाटावरच्या वडाला टांगला आणि धुकं पडलं की साडेसातला लोखंडी पहारेनं वाजवायला लागलो. नाव घाटाला लागेपर्यंत वाजवायचं. पहिल्या दिवशी नाव धुक्यातून अगदी नाकासमोर सरळ आली. आबा डोळे मिटलेलेच. टोक घाटाला टेकल्यावर त्यांनी ते उघडले, मला पाहिलं आणि म्हणाले, “गिरणीपेक्षा बरा शे. फक्त पीठ दयस नही.” एवढं कौतुक त्यांनी मला आयुष्यात एकदाच केलं.

सात हिवाळे मी रूळ वाजवला. पुढं पुढं त्यांचे डोळे मोतीबिंदूनं गेले. उजेडी दिवसांत मुलगा नाव चालवायचा आणि धुक्यात मात्र आबांना बोलावलं जायचं. धुईत सगळेच सारखे आंधळे, असं म्हणून ते खूश असायचे.

शेवटच्या हिवाळ्यातली एक सकाळ. दाट धुकं. मी साडेसातला वाजवायला सुरुवात केली. पावणेआठ झाले, आठ झाले. नाव येईना. मला नेहमीसारखा राग आला, आणि मी जोरात वाजवलं. साडेआठला तळहाताला फोड आले. सव्वानऊला धुकं विरळ झालं तेव्हा पलीकडे नाव घाटालाच होती. तिच्यात माणसं बसलेली, मागं आबा उभे, मान तिरकी, कानामागं हात.

मुलानं वल्हं घेतलं आणि नाव आली. जवळ येताना त्यानं आबांच्या पाठीमागून मला हातानं खूण केली, आधी कानाकडे, मग ओठांवर बोट. नावेतल्या माणसांनी तासाच्या वर माझा रूळ ऐकला होता. एकानंही आबांना तो वाजतोय म्हणून सांगितलं नव्हतं, की मुलानं त्यांच्या हातातलं वल्हं ओढून घेतलं नव्हतं. कामाधंद्याची माणसं, दूध नासत होतं, तरी गप्प बसून होती.

आबा घाटावर उतरले. चाचपडत माझ्यापर्यंत आले.

“काय मास्तर, झोपी ऱ्हायनात का आज? रूळ वाजाडा नही?”

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. इतकी वर्षं या माणसाला मी उशिराबद्दल बोललो होतो.

“चुकलं आबा,” मी म्हणालो. “आज मला उशीर झाला.”

“काय?”

“उशीर झाला!” मी मोठ्यानं ओरडलो. “झोपलो होतो!”

“समिंदरवाला!” आबा खुदकन हसले आणि सगळ्या नावेकडे वळून म्हणाले, “आते समजनं ना मास्तरले, उशीर कसा व्हस!” नावेतलं कोणीच हसेना. म्हणून मीच हसलो, आबांना ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं.